भिंत आणि उंबरा

माझी मावशी चार कागदांवर चार निरनिराळ्या बायका आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आहे, एका नदीचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव देवीचं; ते रेशन कार्डावर आलं. मतदार यादीत तेच नाव कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा कन्नडमध्ये गेलं आणि त्या येण्याजाण्यात देवीचं एक अक्षर बदललं. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे, पण त्यापुढे ‘कोम’ लिहून काकांचं नाव, आणि वाचणाऱ्याची नजर ठरते ती काकांवर. इंडी पंपापासून सिद्धारूढ मठापर्यंत जुन्या हुबळीत कुणालाही विचारा, ती कोण हे सांगताना कुणी अडखळत नाही. अडखळतात ते कागद.

रेशनच्या दुकानात मशीन आल्यापासून यात एक भर पडली. “अज्जी, बेरळ बरवल्दु,” असं तिथला पोरगा तिला सांगतो. आजी, बोट येत नाही. मावशीचं उत्तर ठरलेलं आहे. “येत कसं नाही? मीच घेऊन आलेय की रे!” मग हात पदराला पुसायचा, दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. कधी आठव्या बोटाला मशीन मानतं, कधी परवा या म्हणून सांगतं.

या पुस्तकातले लेख त्या एका वाक्यातून सुरू झाले. मी बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलं. माणूस समोर उभा असताना त्याच्याकडे तो तोच असल्याचा पुरावा मागणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, तेव्हा मावशीच्या बाजूनं बोलायचा मला फारसा अधिकार नाही. पण काउंटरच्या आतून जे दिसतं ते बाहेरून दिसत नाही, आणि निवृत्तीनंतर मी बाहेरच्या रांगेतही पुरेसा उभा राहिलो आहे.

‘कोम’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. जुन्या मराठी दस्तांत बापाचं नाव सांगताना ‘बिन’ आणि नवऱ्याचं नाव सांगताना ‘कोम’ लिहीत. महाराष्ट्रात हे शब्द आता दप्तरखान्यात गेले. आमच्याकडे कन्नड कागदांत ते अजून नांदतात, तलाठी, उतारा, वतन या शब्दांसारखेच. कारण उघड आहे. १७५५-५६ मध्ये हुबळी मराठ्यांकडे आली, मधे हैदरकडे गेली, पुन्हा मराठ्यांकडे आली; १७९० च्या सुमारास जुनी हुबळी पेशव्यांतर्फे फडके सांभाळत आणि नवी हुबळी सांगलीकर पटवर्धन. १८१७ मध्ये इंग्रजांनी जुनं गाव घेतलं, १८२० मध्ये नवं. पुढे १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात. राज्य गेलं तरी दप्तराची भाषा लवकर जात नाही.

त्या भाषेत माणसाची ओळख म्हणजे नातं होतं. अमक्याचा मुलगा, तमक्याची बायको, कसबे हुबळी. खाली साक्षी. लिहिता न येणारा निशाणी करी. पाटील नांगर काढी, व्यापारी तराजू, बायका बांगडी. हाताच्या कामाची खूण हीच सही. आज मशीनवर ठेवलेलं बोट त्या निशाणीचाच वंशज आहे, फक्त आताच्या निशाणीत नांगर दिसत नाही. उलट नांगर जितका जास्त धरला तितकं बोट मशीनला कमी दिसतं.

जुनी व्यवस्था गोड होती असं मात्र कुणी समजू नये. गावानं ओळखायचं म्हणजे गावानं ठरवायचं. ज्याला वेशीबाहेर ठेवलं होतं त्याच्या नातवाला ‘अमक्याचा नातू’ ही ओळख गळ्यातल्या धोंड्यासारखी होती. आणि कागदाचा जुलूमही काही काल सुरू झाला नाही. एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशन आलं, त्याच्या कामाची सुरुवातच आमच्या या दक्षिण मराठा मुलखातून झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं त्याला दात मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्याला सरकार म्हणालं, सनद दाखवा. कुणाची वाळवीनं खाल्लेली, कुणाची आगीत गेलेली, कुणाला मुळात तोंडी शब्दावर मिळालेली. हजारो इनामं खालसा झाली. त्यात खोटी इनामं नव्हती असं नाही, बरीच होती. पण खोटा पकडायला लावलेल्या जाळ्यात खरा किती अडकतो, याचा हिशेब तेव्हाही कुणी ठेवला नाही.

तारखांची गोष्ट तर आणखी गमतीची. आमच्या पिढीतल्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला. मास्तरांनी शाळा उघडायच्या हिशेबानं पोरांना जन्माला घातलं. आधारच्या नोंदणीत ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती अशा कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीला झाला. बाळंतपण मृगात झालं की पोळ्याला, हे मावशीच्या आईला पक्कं ठाऊक होतं. रकान्यात मृग बसत नव्हतं.

बँकेत आमच्याकडे खातं उघडायचं तर ‘इंट्रोड्यूसर’ लागे. जुन्या खातेदारानं सही करून सांगायचं की मी यांना ओळखतो. त्या एका सहीसाठी मोलकरणी मालकिणीच्या दारात चार-चार दिवस उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या मुलखातून दुर्गदबैलच्या बाजारात हमाली करायला आलेल्या पोराला सही देणार कोण? म्हणून जेव्हा पहिल्यांदा ऐकलं की कुणाच्याही मेहेरबानीशिवाय प्रत्येकाला स्वतःचा एक क्रमांक मिळणार, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. अजूनही त्या कल्पनेशी माझं भांडण नाही.

ती कल्पना ज्यांनी उभी केली ते नंदन निलेकणी शाळकरी वयात धारवाडात होते, सेंट जोसेफ शाळेत. आमच्यापासून वीस किलोमीटरवर. कुटुंब मूळचं शिरसीचं, कोकणी बोलणारं. २००९ च्या जानेवारीत आधारचं काम पाहणारं प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच वर्षी ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पहिलं आधार दिलं गेलं ते महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. आज दिलेल्या क्रमांकांचा आकडा १३० कोटींच्या पुढे आहे.

क्रमांकाची रचना मला आवडते, हे कबूल करतो. आयुष्यभर आकडे तपासणाऱ्याला ती आवडणारच. स्वीडननं १९४७ पासून दिलेल्या क्रमांकात जन्मतारीख असते. दक्षिण कोरियात तर क्रमांक वाचून माणूस पुरुष की स्त्री हेही कळतं. आधारचे बारा अंक काहीच सांगत नाहीत. अकरा अंक सरमिसळ काढलेले, सुरुवात शून्यानं किंवा एकानं होत नाही, आणि बारावा अंक पहिल्या अकरांचा राखणदार. फेरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडलेली ही रीत आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की हिशेब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. ४७ चे ७४ करून ठेवणाऱ्या कारकुनांबरोबर ज्यानं काम केलं आहे त्याला याची किंमत कळेल. मूळ नोंदीत माणसाची माहिती चारच गोष्टींची, नाव, वय, लिंग, पत्ता. त्यासोबत फोटो, दहा बोटं, दोन डोळे. जात नाही, धर्म नाही. कायद्यानं ते विचारायलाच बंदी आहे. ‘बिन’ आणि ‘कोम’ यांच्या मुलखात बारा मुके आकडे ही लहान गोष्ट नाही.

एक गैरसमज इथंच दूर करतो, कारण तो शिकल्यासवरल्यांतही आहे. आधार हा नागरिकाचा क्रमांक नाही, रहिवाशाचा आहे. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला कुणीही तो मागू शकतो, आणि कायद्याचं नववं कलम स्पष्ट म्हणतं की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तरी रोजच्या जगण्यात आपण त्याला नको ते सिद्ध करायला लावतोच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. मावशीची मुलगी दिली आहे कोल्हापूरला. माहेरपणाला आली की दोघी धारवाडच्या बसमध्ये शेजारी बसतात. मावशीला शून्याचं तिकीट, लेकीला पूर्ण. तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता. कंडक्टर नियमानं वागतो, त्याची चूक नाही. पण लेकीनं तिकीट पर्समध्ये ठेवताना म्हटलं, “आई, आता मी पाहुणी झाले बघ, सरकारी शिक्क्यासकट.”

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे येतो.

२०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्राच्या ॲटर्नी जनरलनी सांगितलं होतं की आधारची माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतीच्या आड सुरक्षित आहे. या वाक्याची तेव्हा खूप थट्टा झाली. मला ते वाचून आमच्या गल्लीतले जुने वाडे आठवले. त्यांच्याही भिंती दीड-दोन हात जाड आहेत, आणि चोर भिंत फोडून आल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. चोर आला तो उघड्या दारातून, ओळखीचा म्हणून. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘ट्रिब्यून’च्या वार्ताहरानं पाचशे रुपये देऊन दहा मिनिटांत आधारधारकांचे तपशील दिसणारं दार उघडून घेतल्याची बातमी दिली. बोटांचे ठसे त्यातून मिळत नव्हते, असं प्राधिकरण म्हणालं. असेल. भिंत शाबूतच होती, कुणी तरी आतून कडी काढली होती.

२०२३ मध्ये आमच्याच राज्यात निराळा प्रकार घडला. जमिनीचे व्यवहार नोंदवलेल्या लोकांच्या खात्यांतून ओटीपी न येता पैसे गेले. आधारवर चालणाऱ्या पैसे काढायच्या सोयीत फक्त बोट लागतं, आणि संशय गेला तो नोंदवलेल्या दस्तांवरच्या ठशांवर. दस्त हा सार्वजनिक कागद. त्यावर नाव, क्रमांक आणि अंगठा तिन्ही एका पानावर. ठशावरून सिलिकॉनचं बोट करायला मोठी विद्या लागत नाही. आपण शंभर-दीडशे वर्षं अंगठा उमटवत आलो तो सही म्हणून, दाखवण्यासाठी. एके दिवशी तोच अंगठा किल्ली झाला, आणि किल्लीचे ठसे गावभर पडलेले होते.

यातली मूळ चूक जुनी आहे, आणि ती अमेरिकेनं आपल्याआधी करून ठेवली आहे. तिथं १९३६ मध्ये सोशल सिक्युरिटीचे क्रमांक निघाले. १९३८ मध्ये एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीनं पाकिटात नमुन्याचं कार्ड कसं बसतं हे दाखवायला आपल्या सेक्रेटरीचाच खरा क्रमांक छापला. पाकिटं वूलवर्थच्या दुकानांतून विकली गेली आणि पुढच्या काही दशकांत मिळून चाळीस हजारांहून जास्त लोकांनी तो आपलाच क्रमांक समजून वापरला. त्या बाईला नवा क्रमांक द्यावा लागला. हसायला येतं खरं. पण आपल्याकडेही झेरॉक्सच्या दुकानात, लॉजच्या रजिस्टरात, सिमकार्डाच्या टपरीवर तोच क्रमांक पसरून ठेवून वर तो गुप्त असल्यासारखं आपण वागतो. क्रमांक हे नाव आहे, कुलूप नाही. नाव चारचौघांना कळलं म्हणून घर लुटलं जात असेल तर नाव बदलून काय होणार? प्राधिकरणाला हे उमगलं आहे असं दिसतं. सोळा आकडी तात्पुरता क्रमांक, पहिले आठ अंक झाकलेलं आधार, बोटांना कुलूप लावायची सोय हे सगळं आलं आहे. माझ्या ओळखीतल्या शंभर माणसांत हे वापरणारे तीन निघाले तर पुष्कळ.

एस्टोनियाचं उदाहरण अशा वेळी सारखं दिलं जातं, चिमुकल्या देशानं सगळं संगणकावर कसं नेलं म्हणून. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती त्यांची फजिती. २०१७ मध्ये त्यांच्या साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला. सरकारनं तो लोकांना सांगितला आणि कार्डांतली प्रमाणपत्रं नवी करून दिली. कार्डातली किल्ली बदलता येते. बोटं कुठून बदलून आणायची?

आणि माहिती सुरक्षित असली तरी ती कुणाच्या हातात पडेल हा प्रश्न उरतोच. १९४३ च्या मार्चमध्ये ॲम्स्टरडॅममध्ये नाझींविरुद्ध लढणाऱ्या कलावंतांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्याच शहराची लोकनोंदणी कचेरी पेटवली. चोख नोंदी होत्या, म्हणूनच ज्यूंची घरं अचूक सापडत होती. अग्निशामक दलाची माणसं मुद्दाम सावकाश आली, आणि आली तेव्हा कागदांवर गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं. त्या कचेरीतल्या कारकुनांनी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम केलं होतं, हे माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

आधारच्या विरोधात जी याचिका गाजली तीही कर्नाटकातून गेली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये ती दाखल केली तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला चारास एक मतानं आधार टिकलं, पण बँक खात्याला आणि मोबाइलला ते सक्तीनं जोडणं गेलं. ‘लिंक केलं का?’ हा त्या काळातला आमचा परवलीचा प्रश्न होता. किती लोकांना मी त्या प्रश्नानं घाबरवलं असेल, कोण जाणे. कायद्यापुढे त्याला आधार नव्हता हे नंतर कळलं. विरोधी मत होतं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. अर्थविधेयक म्हणून हा कायदा संमत करून घेणं ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे, असं त्यांनी लिहिलं. ते निकालपत्र लांबलचक आहे. चिकाटी असेल त्यानं निदान चंद्रचूडांचा भाग वाचावा.

त्याच सुनावणीत प्राधिकरणाच्या मुख्याधिकाऱ्यांनी एक आकडा दिला. सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के. म्हणजे शंभर वेळा बोट ठेवलं तर बारा वेळा मशीन नाही म्हणतं. यातले बरेच लोक दुसऱ्या खेपेला पास होत असतील, मान्य. पण हे बारा सगळीकडे सारखे वाटलेले नसतात. संगणकावर काम करणाऱ्याची बोटं शाबूत असतात. जुन्या हुबळीत नेकार नगरात ज्यांनी मागावर जन्म घालवला, ज्यांनी बाजारात मिरचीची पोती उपसली, ज्यांनी पन्नास वर्षं राखेनं भांडी घासली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा कामानं नेल्या. ज्यांना रेशनची गरज सगळ्यांत जास्त, त्यांचंच बोट मशीनला सगळ्यांत कमी दिसतं. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची मुलगी वारली. आधारशी न जोडल्यामुळे घराचं रेशन बंद झालं होतं, ती उपाशी मेली, असं घरचे म्हणाले. आजारानं गेली, असं सरकार. आधार नाही म्हणून कुणाचं अडू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश २०१३ पासून होता.

माझं म्हणणं थोडकं आहे. सुरक्षितता मोजायला आपण भिंतीपाशी जातो. ती उंबऱ्यापाशी मोजली पाहिजे, जिथं खरा माणूस उभा असतो. चुकीचा माणूस आत आला की बातमी होते, चौकशी बसते, कुणाची तरी नोकरी जाते. बरोबर माणूस परत गेला की काहीच होत नाही. तो पायरी उतरतो, छत्री उघडतो आणि घरी जातो. बँकेत आम्ही पहिल्या प्रकारच्या चुकीची नोंदवही ठेवत होतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला वहीच नव्हती.

आधारच्या नियमांतच एक जुनी फट ठेवलेली होती. ज्याच्याजवळ कोणताही कागद नाही त्याला ‘परिचयदाता’ घेऊन येता येत असे. त्यानं सांगायचं, मी याला ओळखतो. आमच्या बँकेतला इंट्रोड्यूसरच तो, दस्तातला साक्षीदारच. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारात आकडा बाहेर आला. तोवर दिलेल्या ८३ कोटींहून जास्त क्रमांकांपैकी परिचयदात्यामार्फत दिलेले सव्वादोन लाखांच्या आत, म्हणजे दहा हजारांत तीनसुद्धा नाहीत. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप सांगितला जात होता, ते लोक या दारानं आलेच नाहीत. बाकीच्यांकडे आधीपासून कागद होते.

पुढच्या लेखांत बोटांचे ठसे, नावांची स्पेलिंगं, उतारे, पेन्शनरांचे हयातीचे दाखले असं बरंच काही आहे. कन्नड लिपीत मराठी ‘च’ आणि ‘ज’ लिहिताना आडनावांची काय गत होते यावर एक अख्खा लेख आहे, तो वाचून हुबळीबाहेरच्यांना कंटाळा आला तर मी समजून घेईन.

शेवटी पेटीविषयी. आमच्या घरात एक शिसवी पेटी आहे आणि तिच्या तळाशी फडक्यांच्या अमलातला एक मोडी कागद. ती घराची सनद आहे असं आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी. घरावर कुणी हक्क सांगितला तर हा काढायचा, एरवी हात लावायचा नाही. चार पिढ्यांत तो वाचता कुणालाच आला नाही. हे पुस्तक लिहिताना मी तो एका जाणकारांना दाखवला. त्यांनी भिंगाखाली धरून तासभर वाचला. सनद नव्हती ती. आमच्या घराशीही तिचा संबंध नव्हता. दोन गल्ल्या पलीकडच्या एका विधवेचं घर तिच्या दिरानं बळकावलं होतं, त्याचा तो निवाडा. बाईची खूण बांगडी. त्याखाली, हे घर हिचंच हे आम्ही जाणतो, असं सांगणाऱ्या सात जणांच्या साक्षी आणि निशाण्या. पाचवं नाव आमच्या घराण्यातलं निघालं, खूण तराजू.

मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “मग तिला घर मिळालं का?” कागदाचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्ला आहे.

जुनी हुबळी